चार बिंदूंचं वर्तुळ

शहाद्याहून तोरणमाळला निघालं की वाटेत म्हसावद लागतं. पुढे राणीपूर, मग घाट. जळगाव-पाचोऱ्याच्या मधलं रेल्वे स्टेशनाचं म्हसावद वेगळं आणि साताऱ्याच्या माणदेशातलं म्हसवड तर त्याहून वेगळं. हे म्हसावद सातपुड्याच्या पायथ्याचं, शहादे तालुक्यातलं, बाजाराचं गाव आहे. सपाटीवरची केळी-कापसाची शेतं इथे संपत येतात आणि डोंगरातल्या पाड्यांची वस्ती सुरू होते. बाजाराच्या दिवशी इथे अहिराणी, गुजरी, भिली, पावरी आणि शाळेतली मराठी एकाच रस्त्यावर ऐकू येतात.

याच रस्त्यावरून एकदा फक्त चित्रं बघत चालावं. बियाण्यांच्या दुकानाची पाटी, दवाखान्याचा बोर्ड, जीपच्या मागच्या काचेवरचं देवाचं नाव, मोटारसायकलच्या नंबरप्लेटवरचा तीरकामठा, वाढदिवसाचा फ्लेक्स, लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतलं पत्रक. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी यातलं बहुतेक काम पेंटरच्या ब्रशनं व्हायचं. आज हे सगळं कुठल्यातरी डीटीपीच्या दुकानात संगणकाच्या पडद्यावर तयार होतं, आणि त्यातलं बरंचसं कोरल ड्रॉ नावाच्या प्रोग्रामात. आमच्या गावांचा चेहरा तिथे घडतो. तरीही त्या कामाबद्दल, त्यातल्या कौशल्याबद्दल आणि ते शिकायचं कसं याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलं आहे. चित्रकलेवर आपण लिहितो, छपाईवर लिहितो. ज्या मुलाच्या हातातल्या माऊसमधून अख्ख्या तालुक्याच्या पाट्या निघतात, त्याच्या कामाला आपण नुसतं ‘सेटिंग’ म्हणतो आणि पुढे जातो.

त्या कामाचा पाया म्हणजे मूळ आकार. चौकोन, वर्तुळ, बहुकोन, चांदणी, रेघ. एवढ्यावर किती उभं राहतं आणि आपल्या भागातलं काय काय उभं राहू शकतं, ते या लेखात सांगायचं आहे.

संगणकात चित्र दोन तऱ्हांनी ठेवता येतं. मोबाइलनं काढलेला फोटो म्हणजे लाखो रंगीत ठिपक्यांची जाळी. तो ताणून वीस फुटांच्या बॅनरवर नेला की ठिपके मोठे होतात आणि चित्र फाटतं. दुकानातली मुलं त्याला ‘फोटो फुटला’ म्हणतात. दुसऱ्या तऱ्हेत चित्राची कृती साठवलेली असते. वर्तुळ असेल तर फाइलमध्ये त्याचा मध्यबिंदू आणि त्रिज्या लिहिलेली असते, चौकोन असेल तर कोपरा कुठे, लांबी किती, रुंदी किती. बघताना किंवा छापताना संगणक ते वर्तुळ दर वेळी नव्यानं काढतो. म्हणून व्हिजिटिंग कार्डावरचं बोधचिन्ह तसंच्या तसं पाण्याच्या टाकीवर नेलं तरी त्याची कड धारदार राहते. व्हेक्टर चित्र म्हणतात ते हेच.

याचा उगम १९६३ सालचा. अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्यानं पीएचडीसाठी ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्राम लिहिला. प्रकाशलेखणी पडद्याला लावून रेघ काढायची आणि मग यंत्राला सांगायचं की या दोन रेघा समांतर कर, या दोन सारख्या लांबीच्या कर. माणूस ढोबळ काढतो आणि यंत्र त्याचा हेतू ओळखून ते नेमकं करतं, ही कल्पना तिथे पहिल्यांदा प्रत्यक्षात आली. त्याच सुमारास फ्रान्समधल्या दोन मोटार कारखान्यांत वेगळीच अडचण होती. गाडीच्या पत्र्याची वळणं कागदावर नेमकी मांडायची कशी? सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये त्याचं गणित मांडलं, पण कंपनीनं ते बाहेर जाऊ दिलं नाही. रेनोमध्ये पियेर बेझिए यांनी तशाच वक्राचा प्रसार केला आणि नाव त्यांचं लागलं. आज म्हसावदच्या दुकानात एखादा मुलगा नोडला, म्हणजे रेघेवरच्या बिंदूला, धरून रेघ वळवतो, तेव्हा तो मोटारीच्या बॉनेटसाठी शोधलेलं गणितच वापरत असतो.

या वक्राची एक गोष्ट मला फार आवडते. बेझिए वक्रानं अचूक वर्तुळ काढताच येत नाही. कोरल ड्रॉमध्ये किंवा इंकस्केपमध्ये वर्तुळ काढून ते कर्व्हमध्ये, म्हणजे नोडांच्या वक्र रेघेत, बदललं की त्याचे चार नोड दिसतात: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक नोडला दोन दांडे असतात आणि दांड्याची लांबी त्रिज्येच्या साधारण ०.५५२३ पट ठेवली की चार तुकडे मिळून वर्तुळासारखी आकृती होते. चूक किती? त्रिज्येच्या सुमारे ०.०२७ टक्के. एक मीटर त्रिज्येचं वर्तुळ असेल तर जास्तीत जास्त पाव मिलिमीटरच्या आसपास. डोळ्याला ती दिसणं शक्य नाही. चार बिंदू आणि आठ दांडे एवढ्यावर कपाळावरच्या टिकलीपासून तंबूच्या छतापर्यंतची सगळी वर्तुळं उभी आहेत.

अॅडोबीचं इलस्ट्रेटर १९८७ मध्ये मॅकिंटॉशवर आलं, कॅनडातल्या ओटावाच्या कोरल कंपनीचं कोरल ड्रॉ १९८९ मध्ये विंडोजवर. आपल्याकडच्या छोट्या छापखान्यांनी विंडोजचे संगणक घेतले आणि त्यांच्याबरोबर कोरल ड्रॉ आलं ते कायमचं राहिलं. इंकस्केप पुष्कळ नंतरचं. सोडिपोडी नावाच्या प्रोग्रामातून २००३ मध्ये चार प्रोग्रामरांनी वेगळी वाट काढून ते सुरू केलं. ते मोफत आहे, कायदेशीर आहे, जुन्यापान्या संगणकावरही चालतं. परवान्याची कोरल ड्रॉची प्रत तालुक्याच्या बाजारातल्या दुकानाला किंवा आश्रमशाळेला परवडत नाही. शिकणाऱ्या मुलांसाठी इंकस्केप हाच सरळ रस्ता आहे असं माझं ठाम मत आहे. आकारांची समज दोन्हीकडे एकच लागते. बटणांच्या जागा तेवढ्या बदलतात.

आता प्रत्यक्ष हात चालवू. इंकस्केपमध्ये आर दाबलं की चौकोनाचं हत्यार येतं, ई दाबलं की लंबवर्तुळाचं. माऊस दाबून ओढलं की आकार उमटतो. ओढताना कंट्रोल धरलं तर चौकोन चौरस होतो आणि लंबवर्तुळ गोल होतं. शिफ्ट धरलं तर आकार कोपऱ्यातून न वाढता मध्यातून वाढतो. ही दोन बटणं डाव्या हाताला बसली की निम्मं काम शिकून झालं. चौकोनाच्या कोपऱ्यावर एक बारीक गोल खूण असते. ती खाली ओढली की कोपरे गोलावतात. लंबवर्तुळावरची तशीच खूण फिरवली तर त्याची फोड निघते: माऊस आकाराच्या बाहेरून फिरवला तर भाकरीचा तुकडा तोडावा तशी फोड, आतून फिरवला तर नुसती कमान. चांदणीच्या हत्यारात कोपरे किती आणि आतली खाच किती खोल एवढं सांगायचं. तीन कोपऱ्यांचा बहुकोन घेतला की त्रिकोण मिळतो.

इथवर कोणीही तासाभरात येतं. खरं शिक्षण पुढच्या तीन क्रियांत आहे. दोन आकार एकमेकांवर ठेवून एकजीव करणं म्हणजे वेल्ड. एका आकारानं दुसऱ्यातला भाग कापून घेणं म्हणजे ट्रिम. दोघांत सामाईक आहे तेवढंच ठेवणं म्हणजे इंटरसेक्ट. इंकस्केपमध्ये यांची नावं युनियन, डिफरन्स, इंटरसेक्शन. चंद्रकोर काढायची तर वक्र रेघेशी झुंजायचं कारण नाही. एक गोल घ्या, त्यावर थोडा सरकवून दुसरा ठेवा, दुसऱ्यानं पहिला ट्रिम करा. पिंपळाचं पान, होडी, छत्री, घंटा, किल्ली, सगळं असंच जमतं. ज्याला वस्तूकडे बघताच तिच्यातले गोल आणि चौकोन दिसू लागतात, त्याचा हात या प्रोग्रामात पळतो. ज्याला ते दिसत नाहीत, तो इंटरनेटवर तयार चित्र शोधत बसतो.

या क्रियांचं मोल सगळ्यात जास्त कळतं ते रेडियमच्या कामात. गाड्यांवर चिकटवतात त्या रंगीत चिकट फिल्मला आपल्याकडे सरसकट रेडियम म्हणतात. ती कापणाऱ्या प्लॉटरमध्ये शाई नसते, बारीक पातं असतं. फाइलमधली प्रत्येक रेघ म्हणजे त्या पात्याची वाट. पडद्यावर दोन आकार एकमेकांवर बसून एकसंध दिसत असले तरी पात्याला ते दोन वेगळे आकार आहेत. जिथे ते एकमेकांना छेदतात तिथे ते आरपार कापतं आणि चिकटवताना त्याच जागी तुकडा सुटतो.

देवनागरीत ही अडचण दर शब्दाला येते. फॉन्टमधल्या प्रत्येक अक्षराला स्वतःची शिरोरेखा असते. ओळीत अक्षरांमध्ये फट दिसू नये म्हणून ती शेजारच्या अक्षरावर थोडी चढवलेली असते. छापील कागदावर काही बिघडत नाही. पण ‘जय खंडेराव’ असं लिहून ते कर्व्हमध्ये बदललं आणि तसंच प्लॉटरला दिलं तर प्रत्येक दोन अक्षरांच्या सांध्यावर पातं उभा छेद देतं. नुसतं कंबाइन केलं, म्हणजे एकजीव न करता सगळे आकार एकत्र जोडले, तर आणखी वाईट होतं: शिरोरेखा जिथे एकमेकींवर चढल्या आहेत तेवढ्या जागी पांढरी खिडकी पडते. उपाय एकच, शब्द आधी वेल्ड करायचा. मग शब्दाची शिरोरेखा सलग होते, सगळी अक्षरं तिला लटकतात आणि फिल्म सोलताना शब्द अखंड उचलला जातो. हे काम रोज करणारी मुलं हे जाणतात. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. वाया गेलेल्या फिल्मनं शिकवलेलं असतं.

कर्व्हमध्ये बदलण्याची आणखी एक गरज मराठी छपाईला आहे. वर्षानुवर्षं आपल्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालत आले. शहाद्याच्या दुकानातली फाइल नाशिक किंवा सुरतेच्या छापखान्यात उघडली आणि तिथे तोच फॉन्ट नसला, तर नवरदेवाचं नाव भलत्याच चिन्हांत दिसतं. म्हणून फाइल पाठवण्याआधी सगळी अक्षरं कर्व्हमध्ये बदलतात. त्या क्षणापासून ती अक्षरं उरत नाहीत, आकार होतात. नंतर तारखेत चूक निघाली तर ती टाइप करून सुधारता येत नाही. म्हणून शहाणा डीटीपीवाला दोन फाइली ठेवतो: एक अक्षरांची, एक आकारांची.

अक्षर आणि आकार यांचं हे नातं सगळ्या देशाच्या हातात असलेल्या एका चिन्हात दिसतं. रुपयाचं चिन्ह आयआयटी मुंबईच्या औद्योगिक रचना केंद्रात पीएचडी करणाऱ्या डी. उदय कुमार यांनी तयार केलं आणि १५ जुलै २०१० रोजी सरकारनं ते स्वीकारलं. देवनागरी ‘र’, वरची शिरोरेखा, तिच्याखाली एक समांतर आडवी रेघ, एक वळण, एक तिरकी रेघ. एवढंच आहे ते. कुणीही इंकस्केप उघडून दोन चौकोन, एक कापलेलं वर्तुळ आणि एक तिरका पट्टा घेऊन त्याची आकृती जुळवून बघावी. कुठली जाडी किती ठेवली, वळण कुठे थांबवलं, हे हातानं जुळवताना जेवढं कळतं तेवढं नुसतं बघून कळत नाही.

त्याच वर्षी दुसरं एक चिन्ह नंदुरबार जिल्ह्यातून देशभर गेलं. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादे तालुक्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आधारचं बोधचिन्ह खुल्या स्पर्धेतून निवडलं होतं. त्यासाठी दोन हजारांहून जास्त चित्रं आली आणि अतुल सुधाकरराव पांडे यांचं चित्र निवडलं गेलं. लाल-पिवळा सूर्य आणि त्याच्या मधोमध बोटाच्या ठशाच्या रेघा. आकारांच्या भाषेत बोलायचं तर वर्तुळ, किरण आणि एकात एक बसलेल्या कमानी. म्हसावदपासून फार लांब नसलेल्या गावात जे चिन्ह पहिल्यांदा लोकांच्या हातात पडलं, तेही चौकोन-वर्तुळाच्या याच शाळेतलं आहे.

मग या भागातले स्वतःचे आकार कुठे आहेत?

९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाचे फ्लेक्स लागतात तेव्हा हा प्रश्न मला फार टोचतो. फ्लेक्सच्या कडेनं वारली माणसं नाचत असतात. वारली चित्रं सुंदर आहेत, पण ती डहाणू-तलासरीकडची, इथून लांबची. तिथे लग्नात सवासिनी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकात तिथल्या लोकांच्या हातात कागद दिला आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी त्या चित्राला भिंतीवरून जगात नेलं. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, वर एक गोल म्हणजे डोकं, रेघांचे हातपाय. मूळ आकारांतून माणूस उभा करण्याची इतकी थोडक्यातली रीत क्वचितच कुठे सापडेल. तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. नेमकी ती सोपी असल्यामुळेच तिचे तयार तुकडे संगणकात सगळीकडे पसरले, आणि भिल्ल-पावरा समाजाच्या उत्सवाच्या फ्लेक्सवरही तेच चिकटवले जातात. यात मशे यांच्या लोकांवरही अन्याय आहे आणि सातपुड्यावरही.

सातपुड्यात आकारांची वाण आहे असं नाही. म्हाताऱ्या बायांच्या कपाळावरचं आणि डोळ्यांच्या कोपऱ्याशी गोंदलेलं बघा, ठिपके आणि छोट्या रेघा आहेत. बांबूच्या टोपल्यांच्या विणीत तिरक्या चौकोनांची जाळी आहे. सीमेपलीकडे आलिराजपूर, झाबुआ आणि छोटा उदेपूरकडे भिंतीवर पिठोरा चित्रं लिहितात. त्याच भागातून आलेल्या भिल्ल चित्रकार भुरीबाई यांना २०२१ मध्ये आणि छोटा उदेपूरचे पिठोरा चित्रकार परेश राठवा यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. भुरीबाईंच्या चित्रांत आकार आधी येतो आणि मग तो ठिपक्यांनी भरला जातो. आणि या सगळ्यांत डोळ्यांत भरणारी म्हणजे सातपुड्याची होळी.

अक्कलकुवा तालुक्यातली काठीची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे, पण होळीचे दिवस डोंगरातल्या गावोगावी असतात. त्यात नवस फेडणारे बावा आणि बुध्या नाचतात. अंगभर राखेची किंवा पांढऱ्या रंगाची गोल-ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर मोरपिसं लावलेला उंच टोप, कमरेला वाळलेले दुधी आणि घुंगरं. हा बुध्या मूळ आकारांतून काढायचा, असा धडा मी शिकवायला घेतला तर तो कसा असेल, ते लिहून दाखवतो.

पहिल्यांदा दुधी, कारण त्यात सगळं आहे. एक मोठा गोल, त्याच्या वरच्या कडेवर थोडा चढवलेला लहान गोल. दोन्ही मधल्या रेषेवर आणण्यासाठी अंदाज करायचा नाही, अलाइनचं बटण दाबायचं. मग वेल्ड. आता दोन गोलांच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना टोकदार खाच दिसते. दुध्याला तशी खाच नसते, त्याची मान ओघानं उतरते. नोडचं हत्यार घेऊन ते दोन नोड निवडायचे, त्यांचा प्रकार टोकदारावरून मऊ करायचा आणि दांडे उभे ताणायचे. खाच विरघळते आणि मान तयार होते. हे करताना मुलाला एक गोष्ट पक्की समजते: मूळ आकार हे चित्र नाही, ती सुरुवात आहे. गोलाला गोल ठेवायचं की त्याला दुध्याची मान द्यायची, हा निर्णय हाताचा आहे.

घुंगरू सोपं आहे. एक गोल, तळाशी अरुंद चौकोन, त्याच्या टोकाला बारीक गोल. चौकोन आणि बारीक गोल आधी वेल्ड करून घ्यायचे आणि त्यांनी मोठा गोल ट्रिम करायचा. वर कडीसाठी एक छोटं वर्तुळ. एकच घुंगरू मन लावून काढायचं, बाकीची क्लोन करायची. इंकस्केपमध्ये ऑल्ट आणि डी दाबलं की क्लोन होतो. क्लोन म्हणजे नुसती नक्कल नव्हे. मूळ घुंगराचा रंग बदलला किंवा खाच रुंद केली की कमरेभोवतीची सगळी घुंगरं आपोआप बदलतात. अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांसाठीही तेच. शंभर ठिपके एकेक काढणाऱ्याला ते एकेक सुधारावे लागतात.

मोरपीस म्हणजे एकात एक बसलेली लंबवर्तुळं: बाहेर हिरवं, आत तांबूस, मग निळं, आणि सगळ्यात आत गडद निळ्याचा बदाम. तो बदाम दोन छोटे गोल आणि एक त्रिकोण वेल्ड केल्यावर होतो. खाली एक लांब दांडी. सगळं ग्रुप करायचं. आता ग्रुपवर दुसऱ्यांदा टिचकी मारली की फिरवण्याचे बाण येतात आणि मध्ये एक छोटी फुली दिसते. ती फुली फिरण्याचा केंद्रबिंदू आहे. ती ओढून दांडीच्या तळाशी ठेवायची. मग नक्कल करून फिरवलं की पिसं पंख्यासारखी उघडतात. फुली मध्येच राहिली तर पिसं जागच्या जागी गरगरतात. केंद्र कुठे आहे त्यावर सगळी रचना ठरते, हे शिकवायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही.

ढोलासाठी एक आडवा चौकोन आणि दोन्ही टोकांना उभी लंबवर्तुळं. ढोल जरा पुढून दिसायचा असेल तर पुढचं लंबवर्तुळ रुंद, मागचं वेल्ड करून झाकलेलं. दोरांसाठी एक नागमोडी रेघ. टोपासाठी उंच त्रिकोण, टोक ट्रिम केलेला. आणि शेवटी रेघांची जाडी. इथे पुष्कळ जण फसतात. कागदावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ छान दिसते. चित्र मोठं करताना जाडीही त्याच पटीत वाढवायची ही खूण केलेली नसेल, तर वीस फुटांच्या फ्लेक्सवर आकार मोठा होतो आणि रेघ केसाएवढीच राहते. दोन्ही प्रोग्रामांत ती सोय आहे. ती एकदा शोधून लावून ठेवावी. किंवा रेघेलाच आकारात बदलावं, म्हणजे प्रश्न मिटतो.

असा बुध्या एकदा तयार झाला की तो होळीच्या फ्लेक्सवर जातो, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेवर जातो, रेडियममध्ये कापून जीपच्या काचेवर जातो. तो या भागाचा असतो आणि तो काढणारा हातही या भागाचा असतो.

यासाठी लागणारी नजर आपल्याकडे तयार होते, पण वेगळ्या खोलीत. महाराष्ट्रात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. त्यांत संकल्पचित्र असतं, भूमिती आणि अक्षरलेखन असतं. दिलेल्या वर्तुळात किंवा चौकोनात एक आकृती फिरवून, उलटवून, पुन्हा पुन्हा मांडून नक्षी करायची. कंपासनं वर्तुळाचे सहा भाग करायचे. ठरलेल्या उंचीच्या ओळीत अक्षरं बसवायची. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात म्हणून मुलं परीक्षा देतात आणि मग वही मिटते. संगणकाच्या तासाला त्याच मुलांना टायपिंग आणि तक्ते शिकवतात. चित्रकलेच्या शिक्षकांनी एकदा संगणकाच्या खोलीत जाऊन तेच संकल्पचित्र इंकस्केपमध्ये करायला लावलं, तर मुलांना वेगळं काही शिकवावं लागणार नाही. कंपासच्या जागी कंट्रोलचं बटण आलं एवढाच फरक.

भाषेची अडचण येते हे खरं. बटणांची नावं इंग्रजीत, यूट्यूबवरचे धडे बहुतेक हिंदीत किंवा इंग्रजीत. यावर आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पानं मोठं काम करून ठेवलं आहे. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, पडद्यावर प्रोग्राम चालतो आणि आवाज सांगत जातो. शिकणाऱ्यानं शेजारी स्वतःचा प्रोग्राम उघडून, थांबवत थांबवत तेच करायचं. इंकस्केपची मालिका त्यात आहे: आकार काढणं आणि बदलणं, रंग, अलाइन, बेझिए वक्र, व्हिजिटिंग कार्ड, आणि कापडासाठी कोयरी आणि वारली नक्षीचे धडेसुद्धा. हे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज देऊन केलेले आहेत आणि मोफत आहेत. इंटरनेट नसलेल्या शाळेत ते आधी उतरवून घेऊन दाखवता येतात. सातपुड्यातल्या आश्रमशाळांसाठी ही सोय फार मोलाची आहे. वारलीचा धडा संपल्यावर शिक्षकानं एवढंच म्हणावं: आता आपल्या होळीचा करा.

निवडणुकीतल्या चिन्हांकडेही मुलांनी या नजरेनं बघावं असं मला वाटतं. कपबशी, शिट्टी, पतंग, छत्री, शिलाई यंत्र. निवडणूक आयोगासाठी एम. एस. सेठी यांनी अशी कितीतरी मुक्त चिन्हं पेन्सिलनं काढली. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यानं क्षणात ओळखावं, बोटाएवढ्या चौकटीत आणि खराब शाईतही ओळखावं, अशी ती हवी होती. ग्रामपंचायतीच्या पत्रकासाठी ही चिन्हं दुकानात रोज हाताळली जातात. ती मूळ आकारांतून पुन्हा काढून बघितली की समजतं, कुठली रेघ काढून टाकली तरी शिट्टी ती शिट्टीच राहते आणि कुठली काढली की ती ओळखू येत नाही.

मूळ आकारांची एक हद्द आहे, तीही सांगायला हवी. शहादे तालुक्यातच तापीकाठी सारंगखेडा आहे. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा बाजार भरतो आणि त्याचे फ्लेक्स म्हसावदच्या रस्त्यावरही लागतात. त्यांवरचा घोडा बहुधा परदेशी चित्रांतून उचललेला असतो, दोन पायांवर उभा, मानेची आयाळ वाऱ्यावर. तो घोडा गोल-चौकोनांतून निघत नाही. छातीसाठी मोठा गोल, पुठ्ठ्यासाठी दुसरा, मधे पट्टा, एवढ्यानं ढाचा होतो. पण मान, पाठीचा उतार, मागच्या पायाच्या सांध्याची मोडण यांना बेझिए वक्रच लागतो, आणि वक्रात नोड कमीत कमी हवेत. शिकाऊ माणूस पाठीच्या एका रेघेवर वीस नोड टाकतो आणि पाठ खडबडीत होते. जाणता माणूस खांद्यावर एक, पुठ्ठ्यावर एक ठेवतो आणि दांडे ताणून मधली खोलगट पाठ मिळवतो. ते दोन नोड नेमके कुठे हवेत हे प्रोग्राम सांगू शकत नाही. पिठोराच्या भिंतीवरचे घोडे लिहिणाऱ्यांना ते ठाऊक असतं: एका दमात ओढलेली मान, भरीव धड, बारीक पाय.

बाजारात घोडे रांगेनं बांधलेले असतात, कुशीकडून नीट दिसतात, आणि बराच वेळ एका जागी उभे असतात. शहाद्याच्या, म्हसावदच्या ज्या मुलांना हे काम शिकायचं आहे त्यांनी त्या दिवसांत वही-पेन्सिल घेऊन तिथे जावं. फोटो काढून आणू नये, कारण फोटोवर रेघ गिरवताना नोड कुठे पडावा याचा विचार होत नाही. पाठीचा उतार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेवढं टिपून आणावं, मानेचं वळण दोन-तीन घोड्यांचं ताडून बघावं, आणि मग दुकानातल्या संगणकावर बसून पहिला नोड टाकावा.